बोकडांचं रक्त पिणारा सज्जन

नांद्यातल्या बयाबाई आज्जीच्या शेळ्या समोरच्या सोसायटीची मेंदी खातात. वॉचमननं हटकलं की आज्जी त्यालाच ऐकवते, फुकट छाटून मिळतीया, वरडतो कशाला.

दुपारी शेळ्या रवंथाला बसल्या की ती नात पल्लवीबरोबर टीव्हीवर डब केलेली व्हॅम्पायरची मालिका बघते. मी शेजारी, म्हणून मीही. आज्जीला हिंदी निम्मं कळतं, निम्मं ती पदरचं घालते. त्यातल्या सुळेवाल्या नायकानं गावंच्या गावं संपवलेली. पुढं त्याचा हरवलेला आत्मा बर्फात पुरलेल्या पेटीत सापडला, तेव्हापासून तो खिडकीत बसून पस्तावतो. माणसं सोडली, आता फक्त बोकडांचं रक्त पितो.

पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं. आज्जी मात्र भडकली. "बोकडाला जीव न्हाई व्हय? म्हनं सज्जन!"

मला राहवलं नाही. म्हटलं, "आज्जी, मग सोन्याचं काय?"

आज्जीनं टीव्हीच बंद केला.

सोन्या म्हणजे तिचा बोकड. जन्मताच आई गेली, तो आज्जीच्या हातची बाटली पिऊन वाढला, तिच्याच खाटेखाली झोपतो. पण पल्लवी बारावी पास झाली तर हाच बोकड देईन, असं आज्जी म्हसोबाला बोलून बसलेली. पल्लवी पास झाली आणि जत्रा रविवारवर आली.

आमच्याकडं आधी बोकडाच्या अंगावर पाणी शिंपडतात. त्यानं अंग झाडलं, तर त्याची कबुली. नाही झाडलं, तर देवाला तो नको. मग त्याला देवाच्या नावानं मोकळा सोडायचा, कुणी हात लावायचा नाही.

रविवारी आज्जीचा लेक सिद्धनाथ मसाला वाटून तयार होता. आज्जीनं पाण्याचा तांब्या घरूनच आणलेला. पदर खोचताना तिनं तो माझ्या हातात दिला. तांब्या चांगला कोमट लागला. मी आज्जीकडं बघितलं, आज्जी म्हसोबाकडं बघत होती.

गेणबा पुजाऱ्यानं पाणी शिंपडलं. सोन्यानं दिवाळीची आंघोळ असल्यासारखे डोळे मिटले. पुन्हा शिंपडलं, तर तो गळ्यातला हारच खायला लागला. शेवटी गेणबा म्हणाला, देवाच्या मनात न्हाई.

मसाला वांग्यात गेला. लोकांनी नावं ठेवत ठेवत दोनदा वाढून घेतलं.

परतताना मी विचारलं, "आज्जी, देवाला फसवलंस की."

"फसवलं. आता लागंल पाप." ती चालतच राहिली. "आत्मा हाय म्हून लागतं. मी बी सांगून आलीया त्याला, पुढच्या जत्रंपतुर मटनाला शिवनार न्हाई."

आज्जीला मटण किती प्रिय, हे अख्ख्या नांद्याला ठाऊक आहे. म्हसोबा सौद्यात खूश असणार.

आता सोन्या सोसायटीचे गुलाब खातो आणि देवाचा बोकड म्हणून वॉचमन त्याला हात जोडतो. सुळेवाला खिडकीत बसून पस्तावायला लागला की आज्जी वांग्याचा घास मोडत पल्लवीला म्हणते, "लई वाईट वाटतं गं त्याचं. त्याला आसं कालवन कोन करून घालनार?"