चुड्याखाली

रहिमतपुरात रंगुबाई कासारणीचा एक लौकिक होता. हात कितीही आडमुठा असो, ती तो बोटांच्या मुळाशी असा दाबायची की मापाला लहान बांगडीसुद्धा मनगटात उतरायची. सैल चुडा तिला स्वतःचा अपमान वाटे.

चौऱ्याण्णव साली मयूरीच्या लग्नात, उजव्या हाताचा चुडा निम्मा झालेला असताना, एक बांगडी वाढली. काच मनगटाच्या आतल्या बाजूनं खोल गेली. नवरीचं रक्त म्हणजे अपशकुन, आणि भोवती बायका. रंगुबाईनं हळद दाबली, चिंधी बांधली आणि उरलेला चुडा त्या चिंधीवरच भरला.

"मावशी, आंगठ्याला मुंग्या आल्यात," मयूरी हळूच म्हणाली.

"घट्ट चुड्याला येत्यातच. नवऱ्यानं हात धरला की जात्याल."

बायका हसल्या. मयूरीही हसली.

मुंग्या गेल्या नाहीत. पलूसला सासरी अंगठा आणि शेजारची दोन बोटं मेल्यासारखी झाली. एकदा भाकरी उलटताना बोटं तव्याला टेकली, ते तिला कळलं वासावरून. नस तुटली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी ती जोडली तोवर वर्ष होत आलं होतं. "लगेच आणली असती तर," एवढंच ते बोलले.

मयूरी माहेरी आली ती परत नांदायला गेली नाही. हळूहळू बोटांत जाणीव परतली, पण भलतीकडे. अंगठ्याला हात लावला की तो मधल्या बोटात कळायचा. डॉक्टरांनी समजावलं होतं : मेंदूत हाताचा नकाशा असतो. एखादं बोट गप्प पडलं की पडीक रान बघून शेजाऱ्यानं बांध रेटावा तशी त्याची जागा शेजारची बोटं बळकावतात. आता नस बोलतेय, पण निरोप दुसऱ्याच्या दारात पडतोय. डोळे मिटून बोट ओळखायचं, मग उघडून बघायचं. रोज. मेंदू नव्यानं मोजणी करील, जमेल तेवढी.

रोज तिच्याजवळ रंगुबाई बसू लागली.

"असली माया सख्ख्या मावशीलाबी नसती," मयूरीची आई म्हणायची आणि तिच्या चहात जास्तीचं दूध घालायची. तो चहा रंगुबाई निवेपर्यंत तसाच ठेवी. इतर बायकांना ती आता सैल बांगड्या भरी. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ लागलं, त्याचं तिला बरंच वाटे.

"कुठलं बोट?"

"मधलं."

"आंगठा हाय, बये. तुझी बोटं येकमेकींच्या घरात नांदाय गेल्यात."

"मी न्हाई नांदत, ती तरी नांदू द्यात."

अशा थट्टेनंतर रंगुबाईला पुढचं बोट धरवत नसे.

उन्हाळ्यात एका दुपारी मयूरी डोळे मिटून म्हणाली, "आंगठा."

"बरूबर. उघड डोळं."

तिनं उघडले नाहीत. "मावशी, तुमचा हात कापतोय. तेबी कळतंय."

रंगुबाईनं अंगठा सोडला नाही. "तू मुंग्या म्हणालीस ना, तवाच मला उमगलं हुतं, काच लय आत गेलीय. तरी भरला. चुडा अर्धा सोडला तर बायका काय म्हनतील, म्हणून."

आत आईनं कपबश्या मांडल्याचा आवाज आला. मयूरीनं हात काढून घेतला नाही. रंगुबाई तिच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत राहिली.

मग त्या तशाच मिटलेल्या ठेवून मयूरी म्हणाली, "फुडचं बोट धरा."