शाहिरांच्या डाव्या हाताची जागा

मला बोलण्याचे पैसे मिळतात, हे आमच्या गावात अजून कुणाला खरं वाटत नाही. कारण गावानं मला मुका पाहिलेला आहे. शाळेत असल्यापासून मी दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, पेटी वाजवायचो, आणि पेटीवाल्यानं तोंड उघडायचं नसतं हा आमच्या शाहिरांचा पहिला धडा. शाहीर उभे राहून ओळ टाकत आणि दम घ्यायला थांबत. मागचे झिलकरी तीच ओळ उचलत. ते उचलेपर्यंत दोन-चार श्वासांची जी रिकामी जागा पडे, ती माझी. तेवढ्या वेळात फक्त सूर धरून ठेवायचा. शाहीर म्हणत, "तुहा सूर सुटला तं मी पडलो समज."

पुढे एका वाहिनीच्या गाण्याच्या स्पर्धेत साथीला म्हणून मुंबईला गेलो. एकदा निवेदक वेळेवर आला नाही, म्हणून माझ्या हातात माईक दिला. लोकांना माझं बोलणं आवडलं. पेटी सुटली ती सुटलीच. निवेदकाच्या कानात एक इअरफोन असतो आणि त्यातून कुणीतरी सारखं ओरडत असतं, "गॅप पडतोय, बोल, बोल!" वीस वर्षं मी गॅप भरतोय.

पैसा आला, खोटं कशाला बोलू? मुंबईत दोन फ्लॅट आहेत, ड्रायव्हरसकट गाडी आहे. गावात दुमजली घर बांधलं, ते वर्षातून चार दिवस उघडतं. बायको मुलीला घेऊन पुण्याला राहते. मुलगी फोनवर म्हणते, "बाबा, स्टेजवरच्या आवाजात नका ना बोलू." मी आवाज उतरवतो, आणि मग काय बोलायचं तेच सुचत नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. घरोघर पाहुणे येतात, दुपारी दंडार होते. यंदा शाहिरांचा फोन आला. "एवढी मंडई गातो, मंग थांबतो. दम पुरून नाही राहिला." मंडईच्या कमिटीनं मला उद्घाटनाला बोलावलं होतं. मी लगेच होकार दिला, पण मला फीत कापायची नव्हती. शाहिरांच्या शेवटच्या गाण्याला त्यांच्या डाव्या हाताला, पेटीवर बसायचं होतं. इतकं मनापासून मी बऱ्याच वर्षांत काही मागितलं नव्हतं.

एक दिवस आधीच निघालो. अड्याळ गाव मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्यांमध्ये कापून पसरलेल्या कडपा दिसायला लागल्या. सामान गाडीतच ठेवून थेट शाहिरांच्या ओसरीवर गेलो. तिथे तालीम चालली होती. पेटीवर त्यांची सून होती. गेली सहा वर्षं तीच वाजवते.

"बाबा, उद्या पेटीवर मी बसू का?" मी शाहिरांना विचारलं.

"कायले पुसतं? तुहीच तं जागा हाये," शाहीर म्हणाले.

सून उठली. मी बसलो. बोटं आधी अडखळली, मग वाट सापडली, आणि मला रडूच यायला लागलं. पहिली दोन कडवी छान गेली. तिसऱ्यात शाहीर दम घ्यायला थांबले. आता त्यांना पूर्वीपेक्षा जास्त थांबावं लागतं. आणि त्या शांततेत माझा हात वर गेला, तोंडातून निघालं, "वा, क्या बात है! जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!"

सूर तुटला. शाहिरांचा आवाज घसरला आणि त्यांना ठसका लागला. झिलकरी हसले, मीही हसलो. पुन्हा सुरुवात केली. दात आवळून वाजवत होतो. पुन्हा तीच जागा आली आणि मी म्हणालो, "आणि आता..." उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

शाहिरांनी पेटीवर हात ठेवला. "बाबू, तुहा दोष नाही. तुहा धंदाच हाये तो. पण उद्या सूर सुटला तं मले सावरता नाही येनार."

"एक डाव अजून घेऊ ना बाबा. नाही बोलत आता."

"ते तुह्या हाती हाये का?"

मी पेटीवरून उठलो. सून परत पेटीवर येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी फीत कापली, शाल घेतली, शेकडो सेल्फी काढून दिले. शाहिरांची ओळख मी अशी करून दिली की मांडव टाळ्यांनी भरून गेला. मग बाजूच्या खुर्चीत बसून ऐकलं. ते थांबत, सून सूर धरे, झिलकरी ओळ उचलत. एकदाही काही तुटलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. सुनेचा मत्सर वाटला.

संध्याकाळी शाहिरांकडे जेवण होतं. मंडईच्या दिवशी आधी पाहुण्यांची पंगत बसते आणि दंडारीची मंडळी वाढते. सगळे जेवले की मग मंडळी एकत्र बसते. उशिरापर्यंत जेवण चालतं आणि कोण कुठे चुकलं याची खेचाखेची होते. मी बाह्या वर करून लाखोरीच्या डाळीच्या वड्यांची परात उचलली. शाहिरांनी ती हलकेच माझ्या हातातून काढून घेतली.

"पाहुन्यानं वाढू नाही बाबू. बस, मी वाढतो तुले."

ते इतक्या मायेनं म्हणाले की रागावताही आलं नाही. मी पहिल्या पंगतीत बसलो. त्यांनी स्वतः वाढलं, आग्रह केला. हात धुऊन अंगणात आलो तर मंडळीची पंगत बसत होती आणि सून पाण्याचे पेले मांडत होती. सगळ्यांनी उठून मला नमस्कार केला आणि मी जाण्याची वाट बघत सगळे तसेच उभे राहिले. थांबण्यासाठी काहीतरी बोलायला हवं होतं. मला एक शब्द सुचला नाही.