सुनेत्राबाईंचे नोंदवलेले पाहुणे

दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये सुनेत्राबाईंचं स्वतःचं घर आहे, पण त्या त्यात राहत नाहीत. वन बेडरूमचा तो फ्लॅट त्यांच्या यजमानांनी, शैलेंद्ररावांनी, नोकरीत असताना हौसेनं घेतला होता. ते गेले, आणि टोरांटोहून मुलगा अथर्व फोनवर म्हणाला, "आई, जस्ट सेल इट ना." बाई म्हणाल्या, "विकायला काय ती रद्दी आहे?" मग त्यांनी त्याच टॉवरमध्ये खालच्या मजल्यावर एक स्टुडिओ भाड्यानं घेतला, वरचं घर रंगवून काढलं आणि पर्यटकांना दोन-चार दिवसांसाठी द्यायला सुरुवात केली. साठी उलटल्यावर हा उद्योग! अथर्वनं डोक्याला हात लावला.

बाई मूळच्या डोंबिवलीच्या आणि नियमाच्या भलत्याच पक्क्या. पर्यटन खात्याचं परमिट काढलं, दारावर त्याची पाटी लावली. येणाऱ्या प्रत्येक माणसाचं ओळखपत्र आधी खात्याच्या पोर्टलवर चढवायचं, मगच त्याच्या हातात किल्ली, हे त्यांनी देवपूजेसारखं सांभाळलं. सुरुवातीला मात्र त्यांना ते फार टोचायचं. दारी आलेल्या माणसाला आधी पाणी विचारायचं सोडून कागद मागायचे? हे कुठलं वळण? शेवटी त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला. लॉबीत उतरताना त्या पाण्याच्या गार बाटल्या घेऊन उतरतात. आधी पाणी, मग पासपोर्ट, मग किल्ली.

वरच्या मजल्यावरचा रोनितही असंच घर द्यायचा. तो त्यांना हसायचा. "आंटी, एखादा माणूस जास्त राहिला तर कोण मोजतंय?" एक दिवस मोजणारा आला. दंड झाला आणि परमिट कित्येक महिने लटकलं. तेव्हापासून रोनित लिफ्टमध्ये भेटला की मुकाट मजल्यांचे आकडे बघत बसतो. सुनेत्राबाईंना त्याची दया आली, पण धसकाही बसला. त्यांचं स्वतःचं परमिट असं गेलं असतं तर भाड्याची कमाई थांबून त्यांचं दुबईतलं राहणंच संपलं असतं.

गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी दुपारी लॉबीत आशा आली. पस्तिशीतली, गुहागरकडची बाई. शारजाला अल मजाजमध्ये तिची मावसबहीण संजना राहते, तिच्या बाळंतपणासाठी आशा आली होती. सोमवारी तिचं परतीचं विमान. जाण्याआधी संजनानं दोन रात्रींसाठी हे घर बुक करून तिला भेट दिलं होतं. आशाबरोबर तिचा नवरा होता, किसन. इथेच दूरच्या एका कामगारांच्या कॅम्पात राहायचा, साइटवर शटरिंगचं सुतारकाम करायचा. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि पायात साइटचे बूट.

दोघं पाणी प्यायले. आशानं पासपोर्ट पुढे केला. बाईंनी फोनवर बुकिंग उघडलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "यात पाहुणा एकच लिहिलाय."

"हो ना," आशा म्हणाली. "संजना म्हणाली, बाहेरून आलेली तू एकटीच. हे तर इथलेच, रेसिडेंट. ह्यांना कशाला लिहायचं?"

"अगं बाई, इथला असो नाहीतर तिथला, रात्री राहणाऱ्या प्रत्येकाची नोंद लागते. काही हरकत नाही, आत्ता करते. किसनराव, तुमचं एमिरेट्स आयडी कार्ड द्या."

किसननं खिसा चाचपला. मग दुसरा. मग त्याचा चेहरा पडला. सकाळी तो दुसऱ्याच एका साइटवर माल पोचवायला गेला होता. तिथल्या वॉचमननं गेटवर कार्ड ठेवून घेतलं होतं, आणि इकडे यायच्या घाईत किसन ते तिथेच विसरला होता. ती साइट पार शहराबाहेर. संध्याकाळी गेट बंद झालं की थेट सोमवारी उघडणार.

"मॅडम, आज राहू द्या. सोमवारी कार्ड आणून दाखवतो."

"नाही हो. कार्डाशिवाय मला तुम्हाला वर पाठवता येणार नाही."

 किसन खाली बघत म्हणाला, "गोरा साहेब असता, तर पाठवला असता."

झालं! सुनेत्राबाईंचा पारा चढला. "काय बोललात? मागच्या महिन्यात एका साहेबाचा पासपोर्ट ऑफिसात राहिला होता, त्याला मी याच सोफ्यावर बसवून ठेवला होता, टायसकट! आपल्या माणसाला वेगळा नियम लावणारी मी नव्हे." मग त्या जराशा वरमल्या. खरंतर त्यांना स्वतःचाच राग आला होता, कारण नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं होतं. "उठा. अजून वेळ आहे. मी टॅक्सी बोलावते. पळा, यल्ला! आशाची नोंद झाली आहे, ती वर जाऊ शकते."

किसन गेला. काचेच्या दाराबाहेर टॅक्सी दिसेनाशी होईपर्यंत आशा बघत राहिली.

वर घरात आल्यावर ती सोफ्याच्या कडेला अवघडून बसली. सुनेत्राबाईंचा तिथून पाय निघेना. "मिळेल गं कार्ड. इन्शाल्ला."

"नाही मिळालं तर जाईन परत संजनाकडे," आशा म्हणाली. "तिथे ते येतात सुट्टीला. आम्ही तळ्याकाठी बाकावर बसतो. पोलीस हटकत नाहीत, पण लोक बघतात." मग तिला राहवेना. "काकू, लग्नानंतर चार महिन्यांत हे इकडे आले. दोन वर्षांनी महिनाभर येतात, तर घर माणसांनी भरलेलं. दीर, जावा, भेटायला येणारं अख्खं गाव. ह्यांना जेवायला वाढते तेव्हासुद्धा पंगतीत वाढते. मला एकदा नुसतं दोघांचं घर करून बघायचं होतं. दोन दिवस का होईना."

 या घरात किती लोक येऊन गेले! बॅगा टाकायचे आणि उंच इमारती बघायला पळायचे. घर करायला कोणी आलं नव्हतं.

"मग बसलीस काय?" त्या म्हणाल्या. "कर की. चहासाखर त्या कपाटात, तांदळाचं पीठही आहे, तवा खाली. गॅस नाही हं, ही इलेक्ट्रिक शेगडी आहे, तापायला वेळ घेते मेली." त्यांनी तिच्या हातात किल्ली ठेवली आणि त्या खाली आल्या.

लॉबीत त्या फोन मुठीत धरून बसल्या. बाहेर दिवे लागले. एकदा मनात आलं, नाहीच मिळालं कार्ड तर? एक रात्र, कोण मोजतंय? आणि त्या दचकल्या, कारण हे रोनितचं वाक्य होतं. आल्या माणसाला परत पाठवावं लागलं तर रात्री आपल्याला घास गोड लागणार नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. देवा, त्या वॉचमनला जरा थांबव रे.

किसन आला तो घामानं निथळत. दारातूनच त्यानं कार्ड उंच धरलं. "गेट लावतच होता, मॅडम. बापाच्या वयाचा पठाण, बिचारा थांबला माझ्यासाठी."

बाईंनी कार्डाचे फोटो काढले, पोर्टलवर चढवले आणि नोंद झाल्याचा मेसेज येईपर्यंत स्क्रीनकडे बघत बसल्या. मेसेज आला. पाहुणे दोन.

"खलास! चला."

किसन संकोचानं म्हणाला, "मघाशी तोंडाला येईल ते बोललो. राग मानू नका."

"मानला होता. आता नाही."

त्या त्याला मजल्यापर्यंत पोचवायला गेल्या. दारापाशी त्यानं त्यांच्याकडे पाहिलं, किल्लीसाठी.

"किल्ली आत आहे. बेल वाजवा."

त्यानं शर्ट सारखा केला आणि बेल दाबली. आतून घाईची पावलं आली. आशानं दार उघडलं. साडी बदललेली, हात तांदळाच्या पिठानं माखलेले. आतून भाकरीचा वास आला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. लग्न झाल्यापासून किसन असा कामावरून घरी कधी आलाच नव्हता.

तो वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. मान वर न करता म्हणाला, "आज जरा उशीर झाला."

"तुमचं हे रोजचंच आहे," आशा म्हणाली. तिचा आवाज कापला, पण ती हसत होती. "हातपाय धुऊन घ्या. पानं घेते."

दार लागलं. सुनेत्राबाई मागे उभ्या आहेत हे दोघंही विसरले होते. लिफ्ट आली, उघडली आणि मिटली, तरी त्या तिथेच उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या.