नाकवाल्या काकांचा फ्यूज

हे लिहिणारच नव्हते. दोनदा लिहून पुसलं. पण शेजारच्या काकू सोमवारी गावाला जाणार, म्हणून घाईघाईत का होईना, लिहून टाकते.

त्यांच्या यजमानांना आमच्या गल्लीत सगळे नाकवाले काका म्हणतात. चाळीस वर्षं गॅरेज चालवलं आणि गाडीचं दुखणं ओळखलं ते वासावरून. जळकी वायर, करपलेली क्लच प्लेट, पेट्रोल जास्त खाणारा कार्ब्युरेटर, सगळं नाकाने. वायर तपासायचा मीटर कधी हातात धरला नाही. "मीटरला नाकच नाही, मग अक्कल कुठून येणार," असं म्हणून स्वतःच खो खो हसायचे.

गॅरेज बंद झालं तरी त्यांची जुनी मोटरसायकल घराच्या पुढच्या खोलीत उभी असते. गेल्या रविवारी दुपारी तिचा फ्यूज उडाला. दुसरा घातला, हँडल डावीकडे वळवलं, तोही उडाला. काका वाकले आणि टाकीपासून हेडलाईटपर्यंत वायरीवर नाक फिरवलं. काही नाही. परत फिरवलं. काहीच नाही.

"वायरिंग ठणठणीत आहे," ते पुटपुटले. "फ्यूजच भिकार."

मग त्यांनी जळालेल्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळली. आयुष्यभर गॅरेजमधल्या पोरांना ज्यासाठी शिव्या घातल्या, नेमकं तेच. दार लावलेलं, खिडकी लावलेली. पेट्रोलचा कॉक उघडा. त्यांनी किल्लीला हात घातला.

आतून काकू पदराने नाक दाबत धावत आल्या.

"अहो! काय चाललंय काय? डोळे चुरचुरतायत माझे! किती पेट्रोल सांडलंय!"

"कुठे?"

"कुठे काय कुठे! पायाखाली बघा!"

काकांनी खाली पाहिलं. चप्पल भिजली होती. फरशीवरचा ओला डाग भिंतीपर्यंत गेला होता. कॉकमधून थेंब पडत होता, टप, टप. त्यांनी खोल श्वास घेतला. हवा नुसती हवा होती, पाण्यासारखी. त्यांनी हात किल्लीवरून असा उचलला, जणू ती तापलेली होती.

काकूंनी दारं-खिडक्या सताड उघडल्या, फरशी पुसली. काकांनी कॉक बंद केला. मग हळूच म्हणाले, "अगं, जरा इथे वास घे. जळकं येतंय?"

काकू हेडलाईटमागे वाकल्या. "येतंय की! चांगलं करपलंय."

तिथेच होतं. हँडल वळताना घासून वायर उघडी पडली होती आणि चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, टेकत होती. तांब्याची तार काही उडाली नसती. ती तापत राहिली असती, त्या टाकीच्या खाली.

"कधीपासून येत नाही वास?" काकूंनी विचारलं.

"झाले दोन महिने. सर्दी आहे."

"दोन महिने? परवा दूध करपलं तेव्हाही सर्दीच होती?"

"डॉक्टरचं नाव काढू नकोस. आणि बाहेर बोलू नकोस. नाकवाला म्हणतात मला." शेवटचं वाक्य ते अगदी हळू बोलले.

उघडी वायर अजून तशीच आहे. काकूंनी गाडीची किल्ली डाळीच्या डब्यात लपवली. सोमवारी त्या महिनाभरासाठी लेकीकडे जातायत, तिचे दिवस भरत आलेत. आत्तापासूनच चार वेळा बजावलंय, गाडीला हात लावायचा नाही. काका मान डोलावतात.

पण काकूंना एक गोष्ट माहीत नाही, आणि सांगितली तर त्या लेकीकडे जाणारच नाहीत. त्या गाडीला किल्ली लागतच नाही. हेडलाईटमागच्या दोन वायरी जोडल्या की झालं, आणि हे काकांना झोपेतही जमतं. काल त्यांनी पक्कड पुसून खिशात टाकली, मी पाहिलं.

गल्लीतल्यांनो, त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनो, जा ना कोणीतरी. मंगळवारीच जा. चहा मागा, गप्पा मारा, डॉक्टरकडे न्या. आणि दारात पाऊल टाकलं की आधी वास घ्या.