पाकोळी कुणाच्या केसात

शिकेकाईचा वास आला की मला अजून पाकोळी आठवते. आमच्या कोडोलीत लहान वटवाघळाला पाकोळीच म्हणतात. माझं लग्नाचं पहिलं वर्ष होतं. दिवेलागणीला केस मोकळे सोडायचे नाहीत, हा सासूबाईंचा नियम मला होता, थोरल्या जाऊबाईंना नव्हता, कारण त्यांचे केस गुडघ्यापर्यंत होते आणि वाळायला वेळ लागायचा. जाऊबाई घराच्या पुढच्या सोप्यात केस पसरून बसल्या होत्या, मी न्हाऊन डोक्याला पंचा गुंडाळून आले, आणि तेवढ्यात बल्बभोवतीच्या किड्यापाखरांवर एक पाकोळी आत घुसली. "आगं बया, केसात शिरंल! कापल्याबिगर सुटायची न्हाय!" सासूबाई ओरडल्या, आणि माझ्या नवऱ्यानं माझ्याच डोक्यावरचा पंचा ओढून जाऊबाईंच्या केसांवर टाकला. पाकोळी आपल्याच आवाजाच्या पडसादावरून वाट काढते, अंधारातही कुणावर आपटत नाही, तिला केस नकोत, किडे हवेत, हे मी सांगत होते. पण ऐकतंय कोण! मग मीच किंचाळले, "माझ्या केसात आली!" नवरा हसत म्हणाला, "तुझ्या केसात आडकण्यासारखं हाय तरी काय?" पाकोळी तर केव्हाच निघून गेली होती. आता जाऊबाईंची वेणी करंगळीएवढी राहिलीय. तरी काल संध्याकाळी पाकोळी आत आली, तसे हे ओरडलेच, "वहिनी, पदर घ्या!" मी उठले आणि किडे अजून यावेत म्हणून सोप्यातला दुसरा दिवाही लावला.