बाईंचं बीड

आमचं बीडमध्ये राहण्याचं सुख संध्याकाळी पाचला सुरू व्हायचं. ऊन उतरलं की बायको पायात चपला सरकवायची, माझ्या हातात पिशवी द्यायची आणि म्हणायची, "चला, गाव बघून येऊ." जसं काही गाव रात्रीतून बदललं असेल. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. मूळचा कडा गावाकडचा, नोकरीमुळं इथं आलो. स्वभावानं घुमा. ती इथलीच. जुन्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिनं आयुष्यभर पहिलीचा वर्ग घेतला. अर्धं गाव तिच्या हाताखालून अक्षरं गिरवून गेलेलं. तिला सगळे 'बाई' म्हणत आणि मला 'बाईंचे मिस्टर'. माझं नाव किती जणांना ठाऊक होतं, कोण जाणे.

आमचा फेरा ठरलेला होता. गल्लीतून माळीवेशीकडं, तिथून मंडईत, मग फळांचा गाडा, मग चहा. उन्हाळ्यात चहाऐवजी उसाचा रस. पाय दुखत नसले तर पुढं कनकालेश्वराच्या देवळापर्यंत. तिथं पाण्याच्या काठाला बसायचं, अंधार पडायच्या आत परत. एवढंच. पण घरापासून मंडईपर्यंतचं दहा मिनिटांचं अंतर आम्हाला तासभर पुरायचं, कारण ती बोलत चालायची. कोथिंबीरवालीच्या सुनेचं बाळंतपण, शिंप्याच्या डोळ्याचं ऑपरेशन, पोलीस चौकीतल्या हवालदाराची बदली, सगळं तिला माहीत असायचं.

फळगाड्यावरचे चाचा तिचे खास. सीताफळाच्या दिवसांत ते आधी विचारायचे, "बाई, आज खाना क्या कल?" आज म्हटलं की एक फळ काढायचे, उद्या म्हटलं की दुसरं. फळ दाबून बघायचे नाहीत, नुसतं तळहातावर तोलायचे. ती मुद्दाम म्हणायची, "चाचा, उद्या दुपारी तीन वाजता खायचं हाय." चाचा गंभीरपणे चार फळं उचलून ठेवायचे आणि पाचवं द्यायचे. "ये लो. तीन बजे. सव्वातीनको गया काम से." दुसऱ्या दिवशी ती खरंच तीनला फळ फोडायची आणि जाताना निकाल सांगायची.

चहाच्या हॉटेलात तेव्हा बायका बसत नसत. पहिल्यांदा ती आत शिरली तेव्हा मी दारातच थबकलो. ती म्हणाली, "कावून? बाईनं हाटेलात बसू न्हाई असा कायदा हाय का?" मालक तिचाच विद्यार्थी निघाला. त्यानं फडक्यानं बाकडं पुसलं आणि आम्हाला कोपऱ्यातली जागा कायमची मिळाली.

रस्त्यात कोणीतरी अडवायचंच. मिशावाला, पोट सुटलेला माणूस वाकून पाया पडायचा. "बाई, ओळखलं का?" ती चष्मा वर करून बघायची. "वळकलं की. पाढे येत न्हाईत म्हणून खिडकीतनं पळालतास. आता तरी येतेत का?" लोक हसायचे. मीही हसायचो. मला वाटायचं, हे गाव आपल्याला आवडतं.

दहा दिवसांनी नळ यायचा. त्या दिवशी गल्लीत सणासारखी धांदल. तशाच एका सकाळी ती स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, पाणी आलं, मोटार..." आणि थांबली. मी मोटार चालू केली. आत गेलो तर ती ओट्याला धरून उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. तोंड डावीकडं ओढलेलं. उजवा हात लोंबत होता. ती काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती. आवाज येत होता, पण त्यात शब्द नव्हते.

शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. इथल्या दवाखान्यातून संभाजीनगरला नेलं. घराची मोटार तशीच चालू राहिली होती. टाकी भरून पाणी दुपारपर्यंत गल्लीत वाहत होतं, असं नंतर कळलं.

महिन्यानं घरी आलो. ती काठीच्या आधारानं पाय ओढत चालू लागली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं, "त्यांना कळतं सगळं. शब्द बाहेर येत नाहीत. पहिल्या सहा महिन्यांत जे येईल ते येईल."

आला तो एकच शब्द. 'न्हाई.' चहा घेणार का, तर "न्हाई", आणि हात कपाकडं. पंखा लावू का, "न्हाई", आणि मान होकारार्थी. तिला स्वतःलाही ते ऐकू यायचं. शब्द बाहेर पडला की ती दचकायची, ओठ घट्ट मिटायची, डोळे मिटून दुसरा शब्द शोधायची. मग तोंड उघडलं की पुन्हा तेच. लिहून दाखव म्हणावं तर उजवा हात गेलेला. डाव्या हातानं पाटीवर नुसत्या रेघा यायच्या.

बोलण्याचे व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. मनमिळाऊ होती, मन लावून शिकवायची. पहिल्याच दिवशी तिनं भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला, कमळावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "म्हणा आजी, क." बायको त्या तक्त्याकडं बघत राहिली. तसला तक्ता तिनं किती वर्षं वर्गात लावला होता. मुलगी पुन्हा म्हणाली, "क... क कमळाचा." बायकोनं डाव्या हातानं तक्ता ओढून काढला आणि जमिनीवर टाकला. मुलगी आणखी महिनाभर येत राहिली. मग तिनंच मला सांगितलं, "काका, उगीच तुम्हाला आशा लावत नाही."

शेजारीण म्हणाली, "त्यांना गावात फिरवा. गावच बोलतं करील त्यांना." मलाही ते पटलं. पाच वाजता मी तिच्या पायात चपला चढवल्या आणि निघालो.

पहिले काही दिवस गाव तिच्याभोवती गोळा झालं. कोथिंबीरवालीनं तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. हॉटेलवाल्यानं बशीत चहा ओतून दिला. चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नाक पुसलं आणि नेहमीसारखं विचारलं, "बाई, आज खाना क्या कल?"

"न्हाई," ती म्हणाली.

"आज?"

"न्हाई."

"तो कल?"

"न्हाई... न्हाई..." तिचा चेहरा लाल झाला. चाचा गोंधळले. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "साब, आप बोलो."

मी म्हणालो, "काहीही द्या." त्या दिवसापासून ते मलाच विचारू लागले. मग सगळेच. "बाईला बरं हाय का आता?" असं ती माझ्या शेजारी उभी असताना मला विचारायचे. आवाज मोठा करून, जणू ती बहिरी झाली होती. मी उत्तरं द्यायचो, पण मला तिच्यासारखं बोलता येत नव्हतं. दोन वाक्यांत माझं संपायचं. लोक पुढं जायचे.

एक दिवस गॅरेजसमोरून जात होतो. हाताला काळं तेल लागलेला एक मेकॅनिक धावत आला. हात पँटला पुसून तिच्या पायाला लागला. "बाई! ओळखलं का?"

ती त्याला ओळखत होती. मी तिच्या डोळ्यांत बघितलं, ओळख तिथं लख्ख होती. तिनं काठी सोडून डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवायला वर केला आणि तोंडातून आलं, "न्हाई."

त्याचा चेहरा पडला. "असू द्या बाई. लई वर्षं झाली," तो म्हणाला आणि मागं सरकला. तिनं माझी बाही धरली, ओढली, त्याच्याकडं बघून होकारार्थी मान हलवत राहिली. "न्हाई, न्हाई, न्हाई." तो घाबरला. गॅरेजमधून हाक आली तसा गेला. मी त्याला थांबवून सांगायला हवं होतं, अरे तिनं ओळखलं तुला. माझ्या तोंडून वेळेवर शब्द निघाला नाही. तिसऱ्या दिवशी मी एकटा जाऊन त्याला सांगून आलो. तो "बरं साहेब" म्हणाला. त्याला माझं खरं वाटलं की नाही, कळलं नाही.

सहा महिने उलटून गेले. श्रावणात आमची मुलगी पुण्याहून गाडी घेऊन आली. म्हणाली, "आईला कपिलधारला नेऊ या." शाळेच्या सहली बायको दरवर्षी तिथंच न्यायची. पाऊस चांगला झाला होता, धबधब्याची धार जोरात पडत होती. आम्ही खाली एका दगडावर बसलो. पाण्याचा आवाज इतका की कोणाचंच कोणाला ऐकू येत नव्हतं. सगळे हातवारे करून बोलत होते. मुलगी मला काहीतरी सांगत होती, मी कानावर हात ठेवून काय म्हणून विचारत होतो. ते बघून बायको हसली. आजारानंतर पहिल्यांदा. तोंड एका बाजूनं वाकडं, अंगावर तुषार, आणि ती खांदे हलवून हसत होती. तो अर्धा तास मी विसरणार नाही. त्या अर्ध्या तासात ती इतरांसारखीच होती.

मग वर तिथल्या देवळाच्या आवारात आलो. दर्शनाला आलेल्या एका बाईनं आम्हाला प्रसाद दिला आणि मायेनं तिच्याजवळ बसली. "कुठल्या गावच्या तुमी?"

बायकोनं श्वास घेतला. मी बघत होतो. तिनं ओठ जुळवले, गळ्याच्या शिरा ताणल्या. बीड. दोन अक्षरं.

"न्हाई," ती म्हणाली.

त्या बाईनं माझ्या मुलीला विचारलं, "मुकी हाय का गं तुझी आई? जल्मापासून?"

मुलगी म्हणाली, "नाही हो. शिक्षिका होती माझी आई. खूप बोलायची."

मुलीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण बायकोनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. 'होती' हा शब्द तिला लागला, हे मला तिथंच दिसलं. मुलीलाही दिसलं. तिनं आईचा हात धरला. बायकोनं तो हळूच सोडवून घेतला. परतताना गाडीत ती डोळे मिटून बसली होती, पण झोपली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी चपला पुढं ठेवल्या. तिनं पायानं त्या पलंगाखाली सारल्या. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी माझा संयम सुटला. मी ओरडलो, "किती दिवस अशी बसणार? काय करायचं मी?" ती रडली नाही. भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. त्यानंतर मी तिला चल म्हटलं नाही.

त्याला आता तीन वर्षं होतील. भाजी आणायला मी एकटा जातो, आणि दहा मिनिटांचं अंतर दहा मिनिटांत संपतं. सुरुवातीला लोक विचारायचे, बाई कशा हायत. आता क्वचित. ओळखीची माणसं कमी होत चालली आहेत, नव्यांना मी कोण ते माहीत नाही. आमच्या कोपऱ्यातल्या बाकड्यावर कॉलेजची पोरं बसलेली असतात. मी उभ्यानं चहा पितो, तो गोड असतो एवढंच कळतं. कनकालेश्वराच्या पाण्याकाठी एकदा जाऊन बसलो. पाच मिनिटांत उठलो. या गावात पस्तीस वर्षं काढली. पिशवी धरून तिच्यामागं चालत होतो, आणि ती जे बघायची तेवढंच मी पाहिलं होतं. एकट्याला मला इथं काही दिसत नाही.

मुलगी म्हणते, पुण्याला या. मी बायकोसमोर खुर्ची ओढून बसलो आणि विचारलं, "पुण्याला जायचं का?"

"न्हाई."

"मग इथंच राहायचं?"

"न्हाई."

दोन्ही वेळा तोच आवाज, तीच नजर. पूर्वी तिच्या मानेवरून, हातावरून अर्थ लागायचा. आता ती मान हलवत नाही. तिला नको म्हणायचं होतं की हो, की दोन्हीही तिला सारखंच होतं, मला सांगता येणार नाही.

मुलीला कळवलं, दिवाळीनंतर बघू. ती दिवाळी होऊन गेली, पुढची तोंडावर आली. आम्ही दोघं पुढच्या खोलीत बसून असतो. मी पेपर वाचून दाखवायचो, तेही सोडलं. परवा दुपारी गल्लीत कोणीतरी नवीन माणूस घर शोधत आला, त्यानं खिडकीतून विचारलं, "शाळेच्या बाई कुठं राहतात हो?" मी सांगायला उठेपर्यंत तिनं डाव्या हातानं खिडकी लावून घेतली. मीही ती उघडली नाही. तो बाहेर थोडा वेळ उभा राहिला असेल, मग गेला.