दुर्बिणीचा दिवा

शिलाई कारखान्यात तिला सगळे दुर्बीण म्हणायचे. तीस वर्षं तिने तिथे तयार कपडे तपासले होते. तिच्या हातून सुटलेला टाका निसटेल, हे शक्यच नव्हतं. अशा बाईला एके दिवशी मुलाने सरळ सांगितलं, "आई, आता तू स्वयंपाकाला उभी राहू नकोस. तुला दिसत नाही." महिन्याभरात भाजी चिरताना तिचं बोट दोनदा कापलं होतं, एवढंच निमित्त.

तिचं डोकंच फिरलं. "माझे डोळे ठणठणीत आहेत. दिवा चुकीच्या जागी आहे."

दिवा छताच्या मधोमध होता. ओट्यापाशी उभं राहिलं की तो पाठीमागे यायचा आणि भाजीवर आपलीच सावली पडायची. कारखान्यात अशा उजेडात तिने साधी कॉलर तपासली नसती, आणि घरात मात्र इतकी वर्षं निमूट चालवून घेतलं. याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन तिने दुकान गाठलं. गिऱ्हाइकं माना वर करून झुंबरं बघत होती. हिने पिशवीतून काळं कापड काढलं. त्यावर काळ्या दोऱ्याची शिवण होती आणि एक टाका मुद्दाम उसवलेला.

"हा ज्या दिव्याखाली दिसेल, तो मी घेणार."

दुकानदार हसला. सून कानकोंडी झाली. चार दिवे नापास झाल्यावर मात्र दुकानदाराचं हसू मावळलं. मग तिने त्याला हातभर लांबीची दिव्याची पट्टी दुकानातल्या एका फळीखाली, समोरच्या कडेला धरायला लावली. टाका सुनेलासुद्धा दिसला.

ओट्यावरच्या कपाटाखाली पट्टी बसली. मुलगा हाताची घडी घालून परीक्षा घ्यायला उभा राहिला. ती शेंगा चिरू लागली. सावली कुठेच नव्हती. त्या लख्ख उजेडात सगळ्यांना एकच गोष्ट दिसली: तिचा डावा हात थरथरत होता.

तिने ओळखलं: आता हा सुरी काढून घेणार. मुलाने हात पुढे केलासुद्धा.

तिने सुरी सोडली नाही. शेंगेवरची बोटं आत दुमडली, पुन्हा एकदा नीट बघितलं आणि सावकाश चिरायला लागली.

"हात पुढे केलाच आहेस," ती म्हणाली, "तर ते बटाटे सोल."